भरलेली टाकी

ऑगस्टा रेनफ्रोने नुकतीच भरलेली बादली उचलली आणि लायल बॅस्कमच्या बुटांवर ओतली.

रांगेतल्या बायकांपैकी कोणी हसलं नाही, कोणी तिला आवरलंही नाही. सगळ्यांची नजर खाली जमिनीवर होती. पाणी बॅस्कमच्या बुटांभोवती क्षणभर चमकलं आणि त्या पांढऱ्या, खारट मातीत असं शिरलं की बघता बघता नुसता काळसर डाग उरला. सॉल्टर गावात घरटी चार बादल्या मिळायच्या, सकाळी सहा ते सात या वेळात. त्यातली एक तिने जमिनीला पाजली होती.

"अगं, पाणी होतं ते," मागून पेट्रा हलकेच म्हणाली. तिच्या कडेवर लहान मूल होतं आणि दोन्ही बादल्या पायांशी रिकाम्या होत्या.

"काय होतं ते मला माहीत आहे."

बॅस्कमने पाय हलवले नाहीत. पन्नाशीचा, खांद्यांत वाकलेला माणूस. टाकीचा रखवालदार म्हणून रेल्वे कंपनीने त्याला इथे आणला तेव्हा गावात रुळांखेरीज काही नव्हतं. त्याने खाली पडलेली बादली उचलली, कडेची माती बाहीने पुसली आणि नळाखाली धरली.

"दुसरी भरून देतो. ही मोजणार नाही."

"तुझ्या हातचं पाणी नको मला."

"हात माझे असले तरी पाणी कंपनीचं आहे, ऑगस्टा."

तो हे खवचटपणे बोलला नव्हता, आणि त्याचाच तिला जास्त संताप आला. खवचटपणे बोलला असता तर त्याच्या तोंडावर काहीतरी फेकता आलं असतं.

"नऊ दिवसांपूर्वी कुठे गेले होते तुझे हात?"

बॅस्कमने मान वर केली. तो तिच्याकडे सरळ पाहत राहिला. त्याच्या ओठांशी काहीतरी आलं होतं, हे तिला दिसलं. तो ते बोलायच्या आत तिने रिकामी बादली हिसकावून घेतली आणि पाठ फिरवली.

टाकीपासून तिच्या धोबीखान्यापर्यंत दोनशे पावलं होती. आता तो धोबीखाना राहिला नव्हता. जळक्या फळ्यांची जमीन होती, आणि तिच्यावर उसन्या कॅनव्हासचा एक तुकडा चार बांबूंवर ताणलेला. शेजारची न्हाव्याची जागा आणि त्यापलीकडचं किराणा दुकान, दोन्ही ठिकाणी नुसती राख. वाऱ्याने ती रोज थोडी थोडी उडत होती आणि गावातल्या प्रत्येकाच्या भाकरीत येत होती.

आग दुपारी लागली. इस्त्रीच्या शेगडीचं धुराडं वाऱ्याने कलंडलं आणि कॅनव्हासने पेट घेतला. टबांत साबणाचं वीतभर पाणी होतं, ते लगेच संपलं. मग लोकांनी माती टाकली, घोंगड्या टाकल्या. समोर टाकी उभी होती, पन्नास हजार गॅलनची, काठोकाठ भरलेली, इतकी भरलेली की तिच्या फळ्यांच्या सांध्यांतून थेंब गळत होते. अकरा मैलांवरच्या डोंगरातल्या झऱ्यापासून लाकडी नळ टाकून आणलेलं ते पाणी. पण तासाभरात मेल यायची होती, आणि इंजिन पाणी घ्यायला उभं राहीपर्यंत मोठ्या झडपेच्या चाकाला साखळी आणि कुलूप असायचं. बॅस्कमने विभागाच्या कचेरीकडे तार केली. पस्तीस मिनिटांनी उत्तर आलं, एका शब्दाचं. उघडा. तोवर विझवण्यासारखं काही उरलं नव्हतं.

ऑगस्टाची धाकटी बहीण व्हायोला आधी बाहेर आली होती. मग ती परत आत गेली, चादरी आणायला. रेल्वेच्या झोपायच्या डब्यांच्या चादरी, कोपऱ्यावर कंपनीचा शिक्का असलेल्या, सकाळीच इस्त्री करून रचलेल्या. त्यानंतर ती दोन दिवस जगली आणि दोन्ही दिवस पाणी मागत राहिली.

कॅनव्हासच्या सावलीत थॅड बसला होता. व्हायोलाचा नवरा. रुळांवर गँगमध्ये काम करणारा, अंगाने आडवा, बोलायला कमी. आज तो कामावर गेला नव्हता.

"रिकामी आणलीस," तो बादलीकडे बघून म्हणाला.

"ओतली त्याच्या अंगावर."

थॅडने मान हलवली. त्यात कौतुकही नव्हतं आणि नवलही. "दुपारच्या गाडीने साहेब येतोय. चौकशी करायला. तारमास्तर सांगत होता, बॅस्कमला हाकलणार म्हणून."

"हाकलून काय होणार?"

"मला विचारशील तर त्याला त्याच टाकीवर टांगला पाहिजे. पण मला कोण विचारतंय? निदान तुला तरी विचारतील." तो उठला आणि कपडे झटकू लागला. "सगळं सांग. काही ठेवू नकोस मागे."

ऑगस्टा टबाजवळ गेली. टब कोरडा होता. तरी तिने बाह्या वर सारल्या आणि मग तशीच हात लोंबवून उभी राहिली.

चौकशी मालगोदामात झाली. पत्र्याच्या छपराखाली शंभर-सव्वाशे माणसं दाटीने उभी होती आणि मध्ये एक टेबल, एकच खुर्ची. कंपनीच्या पाणीखात्याचे साहेब, मिस्टर स्ट्रदर्स, बारीक अंगाचे आणि अतिशय सभ्य होते. त्यांनी सगळ्यांना नमस्कार केला, झाल्या गोष्टीबद्दल दुःख व्यक्त केलं आणि ऑगस्टासाठी दुसरी खुर्ची मागवली. गाडीतल्या त्यांच्या डब्यातून नोकराने पाण्याचा जग आणला होता. जगात बर्फ तरंगत होता. बर्फाचा तो किणकिणाट गोदामात सगळ्यांना ऐकू गेला.

"घ्या ना, मिसेस रेनफ्रो."

"नको."

त्यांनी स्वतःसाठी पेला भरला, दोन घोट घेतले आणि तो बाजूला ठेवला. मग टेबलावर एक मोठा कागद उलगडला. निळ्या कागदावर पांढऱ्या रेघांनी गाव काढलेलं होतं. पुढे असलेली माणसं वाकून पाहू लागली.

"हा गावाचा स्वतंत्र नळ," स्ट्रदर्स बोट फिरवत म्हणाले. "इंजिनांच्या पाण्याशी संबंध नाही. या चार कोपऱ्यांवर आगीसाठी मोठे नळ, आणि प्रत्येक गल्लीच्या तोंडाला एक तोटी. दिवसरात्र चालू. नोव्हेंबरपर्यंत काम पुरं होईल."

गोदामात कुजबुज उठली. पेट्रा टाचा उंचावून आपली गल्ली शोधत होती.

"आणि साखळी?" कोणीतरी मागून विचारलं.

"साखळी त्या टाकीची. तो वेगळा विषय आहे." स्ट्रदर्सनी दुसरा कागद काढला, हा साधा, टंकलेला. "आता एवढंच. वरच्या कचेरीत मला दाखवावं लागेल की दोष माणसाचा होता. नियमाचा होता असं झालं, तर तोच नियम आपल्या चाळीस स्टेशनांवर आहे. मग वकील आले, तारखा आल्या. हा नकाशा मग दोन-चार वर्षं कपाटात पडून राहील. तसं मला व्हायला नको आहे. तुम्हालाही नको असेल." त्यांनी कागद ऑगस्टापुढे सरकवला. "तुम्ही सगळ्यांत जवळ होता. तुमची बहीण गेली. तुमची सही असली की पुरे."

बॅस्कम दाराशी उभा होता, टोपी हातात घेऊन. त्याच्या आजूबाजूला हातभर जागा मोकळी सोडून माणसं उभी होती.

"वाच," थॅड तिच्या कानाशी म्हणाला. त्याला स्वतःला वाचता येत नव्हतं. "मोठ्याने वाच. त्यालाही ऐकू दे."

ऑगस्टाने वाचलं. "रखवालदार लायल बॅस्कम याजपाशी किल्ली असतानाही त्याने झडप उघडली नाही."

"बरोबर," लोक म्हणाले.

"मदतीस धावलेल्या लोकांस त्याने हाती पाना घेऊन टाकीपाशी येण्यास मज्जाव केला." ती थांबली.

"पुढे?" थॅड म्हणाला.

पुढे 'सबब' होतं आणि तारीख होती. तिने ते वाचलं नाही. स्ट्रदर्सनी दौतीचं झाकण काढून ठेवलं होतं आणि टाक तिच्या बाजूला वळवला होता. तिला तो उचलायचा होता. नऊ दिवस तिने याच माणसाचं वाटोळं व्हावं म्हणून देवाला आळवलं होतं, आणि आता नुसतं नाव लिहायचं होतं. तिने टाक उचललाही. मग तो टेबलावर आडवा ठेवला.

"पहिलं वाक्य खरं आहे. दुसरं नाही."

"तपशिलाचा प्रश्न आहे, बाई," स्ट्रदर्स म्हणाले. "पाना असेल, काठी असेल."

"त्याच्या हातात काही नव्हतं. कुऱ्हाड होती. ती माझ्या हातात होती."

तिने कोणाकडे पाहिलं नाही. टेबलावरच्या पेल्यात बर्फाचा खडा विरघळत होता, त्याच्याकडे बघत ती बोलली.

"मी साखळी तोडायला गेले होते. सरपणाची कुऱ्हाड घेऊन. हा तार करून परत आला होता. मी म्हटलं, उघड. तो म्हणाला, किल्लीने उघडलं तर माझी नोकरी गेली, एकदा गेलेली आहे, आता मला कुठलीच कंपनी ठेवणार नाही. तू साखळी तोड, मी पाहिलंच नाही असं सांगतो. आणि तो पाठ करून उभा राहिला."

"ऑगस्टा," थॅड म्हणाला.

"मी कुऱ्हाड उचलली. समोर पाटी होती, खांबाला ठोकलेली. मला वाचता येतं. मी ती वाचली." तिचा आवाज चढला नव्हता, पण हाताची बोटं टेबलाच्या कडेवर पांढरी पडली होती. "व्हायोला तेव्हा बाहेर होती. मी तिला बाहेर उभी पाहिली होती. मी म्हटलं, तंबूच जळतोय ना, तंबू पुन्हा उभा राहील. साखळी तोडली आणि कंपनीच्या चादरींचं काम गेलं, तर ते कोण देणार? दोघी बहिणी खाणार काय? असं सगळं मी तिथे उभं राहून ठरवत होते. डोक्यावर कुऱ्हाड धरून."

"किती वेळ?" थॅडने विचारलं.

"तू ओरडलास तोवर. ती आत गेली म्हणून. मग मी तिकडे धावले."

थॅडने तोंडावरून हात फिरवला. एकदा, आणि परत एकदा, जणू तोंडावर काही चिकटलं होतं.

"हे लिहा," ऑगस्टा स्ट्रदर्सना म्हणाली. "किल्ली होती आणि त्याने उघडली नाही. कुऱ्हाड होती आणि मी मारली नाही. आणि पाटी कोणी लावली तेही लिहा. मग करते सही."

"हे मला लिहिता येणार नाही, बाई."

"का?"

स्ट्रदर्सनी दौतीला झाकण लावलं, टाक पुसला आणि निळा कागद अगदी सावकाश, कडेला कड जुळवत गुंडाळला. तो गुंडाळला जात असताना मागून एका माणसाचा आवाज आला.

"तोंड बंद ठेवलं असतंस तर काय बिघडलं असतं तुझं?"

"नळ येत होता," दुसरा म्हणाला. "दारात नळ येत होता, बाई."

"मेलेली परत येणार होती का?" हे कोण म्हणालं ते कळलं नाही. पेट्राने मूल या कडेवरून त्या कडेवर घेतलं आणि मान फिरवली. माणसं ऑगस्टाच्या बाजूने बाहेर पडली, पण तिच्या अंगाला कोणाचा धक्का लागला नाही. मघाशी बॅस्कमभोवती होती तशी हातभर जागा आता तिच्याभोवती पडली होती.

दाराशी बॅस्कम तिची वाट पाहत होता. त्याचा चेहरा लाल झाला होता.

"कोणी सांगितलं होतं तुला?" तो दबक्या आवाजात म्हणाला. "ते मला हाकलणारच होते. हाकलू द्यायचं. मी सामान बांधून ठेवलंय. आता सगळ्या गावाला कळलं की मी पाठ फिरवली होती."

"तुझ्यासाठी नाही सांगितलं."

"मग कोणासाठी?"

"हो बाजूला," ती म्हणाली.

साहेबांची गाडी साडेचारला निघायची होती. त्याआधी इंजिनाला पाणी घ्यायचं होतं. गावातली निम्मी माणसं फलाटाच्या कडेला उभी होती. कोणी काही ठरवलं नव्हतं, पण घरी जायला कोणाचा पाय निघत नव्हता. बॅस्कमने कुलूप काढलं, साखळी सोडली, शिडीने वर चढून टाकीची लांब सोंड इंजिनामागच्या पाण्याच्या डब्यावर ओढली. पाण्याचा आवाज सुरू झाला. डबा भरला आणि पाणी कडेवरून उतू गेलं, चाकांवरून, खडीवरून, नेहमी जायचं तसंच. एरवी त्याकडे कोणी बघत नसे. आज सगळे बघत होते. स्ट्रदर्सच्या डब्याची खिडकी बंद होती आणि आत पडदा ओढलेला होता.

ऑगस्टा लोकांपासून लांब, दिव्याच्या खांबाशी उभी होती. गाडी हलली, धुराचा लोट खाली बसला, आणि त्या धुरातून थॅड तिच्याकडे चालत आला. तो शेजारी उभा राहिला. तिच्याकडे न बघता.

"काय लिहिलंय त्या पाटीवर?"

"थॅड."

"वर्षभर तिच्याखालून जातोय. कोणाला विचारलं नाही कधी. काय लिहिलंय?"

ऑगस्टाने ओठ ओले करायचा प्रयत्न केला. "'पाण्यास विनापरवाना हात लावणाऱ्यास या गावी काम मिळणार नाही.' आणि खाली, 'हुकमावरून'."

"एवढंच?"

"एवढंच."

थॅड रूळ ओलांडून गँगच्या हत्यारांच्या खोपटात गेला आणि खांद्यावर घण घेऊन बाहेर आला. लोकांनी वाट करून दिली. तो ऑगस्टाकडे आला नाही. टाकीकडे गेला.

बॅस्कमने नुकतीच साखळी परत चाकाला गुंडाळून कुलूप लावलं होतं. थॅडला येताना पाहून तो शिडीपाशी थांबला. गावातल्या प्रत्येकाला वाटलं तेच त्यालाही वाटलं असणार, कारण त्याने टोपी काढून बाजूच्या दगडावर ठेवली. थॅड त्याच्यासमोर येऊन उभा राहिला. मग एक पाऊल सरकून साखळीसमोर.

"किल्ली देऊ?" बॅस्कम म्हणाला.

"नको."

थॅडने घण उचलला. साखळी सैल होती. पहिला घाव बसायच्या आधीच ती चाकावरून घसरून खाली लोंबली. बॅस्कम खाली गुडघ्यांवर बसला. त्याने दोन्ही हातांनी साखळी ओढून टाकीच्या पायाच्या लोखंडी पट्टीवर ताणून धरली. दोन मुठींमध्ये जेमतेम वीतभर अंतर होतं.

"हात काढ," थॅड म्हणाला.

"सरकते ती. धरावी लागते."

थॅड त्या दोन मुठींकडे बघत राहिला. घण त्याच्या डोक्यावर होता आणि दंडाच्या शिरा तटतटल्या होत्या. फलाटावर कोणी हाललं नाही. ऑगस्टाने डोळे मिटले नाहीत. पुढचं काय होईल ते होवो, ते पाहायचं, असं तिने ठरवलं होतं.

घाव साखळीवर बसला. ठिणग्या उडाल्या. बॅस्कमच्या बोटांना हादरा बसला, पण त्याने मुठी सोडल्या नाहीत. दुसऱ्या घावाला कडी चपटी झाली. तिसऱ्याला तुटली.

साखळीचं एक टोक खडीवर पडलं. झडपेचं चाक मोकळं झालं. त्याला कोणी हात लावला नाही, थॅडनेही नाही. तो धापा टाकत उभा होता, आणि बॅस्कम दोन्ही पंजे काखांत दाबून जमिनीवर बसला होता. मग पेट्रा निघाली, आधी चालत आणि मग जवळजवळ पळत. तिच्यामागे आणखी दोघी. घराघरांतून बादल्या खडखडल्याचे आवाज येऊ लागले. वाऱ्याने राख उडत होती.

ऑगस्टा खांबाशी उभी होती, तिथेच उभी राहिली. तीन घाव. तिने परत मोजले. तीनच लागले होते.